सुमतीबाईंचा पढिकपणा

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी तळा गावच्या बाजारात करवंदं घेत होते. सकाळी निघताना शेजारच्या खोलीत डोकावले होते, तर सुमतीबाई अजून झोपलेल्या होत्या आणि मुग्धा चहा टाकत होती. त्या झोपेतून त्या उठल्याच नाहीत. "मावशी, आई गेली," एवढंच मुग्धा म्हणाली. करवंदांचा द्रोण माझ्या हातात तसाच राहिला आणि मी घराकडे चालू लागले. वाटेत पिशवीतला फोन सारखा वाजत होता. दारात पोचल्यावर पाहिलं, तर आमच्या शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या गटावर बातमी येऊन पोचली होती. 'भावपुर्ण श्रध्दांजली.' त्याखाली दुसऱ्याची, तिसऱ्याची, दहाव्याची... सगळीकडे तोच ऱ्हस्व 'पु' आणि तोच उलटा 'ध्द'. लिहिणारे बहुतेक बाईंच्या हाताखालून गेलेले किंवा त्यांच्या शेजारी बसून पेपर तपासलेले. गेल्या थंडीआधी असतं, तर एव्हाना बाईंचा निरोप येऊन पडला असता : 'पूर्ण' मधला 'पू' दीर्घ. मी उंबऱ्यात उभी राहून त्या निरोपाची वाट पाहत होते की काय, कोण जाणे. तो आला नाही, तेव्हा बाई गेल्या हे मला पहिल्यांदा खरं वाटलं.

सुमती करंदीकर आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या आणि मी भूगोल. आम्ही दोघी एकाच घरमालकाच्या भाडेकरू. खोल्या शेजारीशेजारी, दारापुढचा ओटा सामाईक. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांचं शाळेत नाव झालेलं होतं. करंदीकर सरही शिक्षकच. दोघांचं लग्न जातीबाहेरचं, त्या काळी बरंच गाजलेलं. सर हृदयविकारानं अचानक गेले तेव्हा मुग्धा प्राथमिक शाळेत होती. त्यानंतर त्या खोलीत दोघीच. बाईंचं माहेर थळचं, समुद्राकडचं, एवढंच मला ठाऊक होतं. माहेरचं माणूस कधी आलं नाही, बाईही गेल्या नाहीत. लग्नामुळे तुटलं असेल, असं मी आपलं धरून चालले होते. विचारायची सोय नव्हती. बाईंना काही खासगी विचारलं, की त्या आधी प्रश्नाची वाक्यरचना सुधारून द्यायच्या आणि तोवर विचारणाऱ्याचा धीर सुटायचा.

त्यांचं ते टोकणं तालुक्यात प्रसिद्ध होतं. लग्नपत्रिका घेऊन कोणी आलं, की बाई चष्मा लावून ती वाचायच्या, चुका दाखवायच्या आणि मग "येईन हं" म्हणायच्या. एसटीच्या कंडक्टरलाही त्यांनी सोडलं नव्हतं. पण खरा कटाक्ष 'ण'वर आणि 'ळ'वर. वर्गात एखादं पोर 'पानी' म्हणालं, की त्याला उभं करून जीभ टाळूला कुठे लावायची ते दाखवायच्या, आणि नीट 'पाणी' येईपर्यंत खाली बसू द्यायच्या नाहीत. ओरडायच्या नाहीत, मारायच्या तर नाहीतच. मात्र त्या वेळी त्यांचा चेहरा विलक्षण ताणलेला असायचा, जणू ते पोर कड्याच्या टोकाला उभं आहे. मला तेव्हा ते शिस्तीचं वाटायचं.

मी शेतकऱ्याची मुलगी. आमच्या गावात हाय-न्हाय-व्हयच चालतं. बाईंनी मलाही खूप टोकलं, पण मला ते कधी लागलं नाही. "बाई, चहा निवतोय तुमचा," म्हणून मी हसायचे आणि त्याही हसायच्या. दर शनिवारी मी गावी जायचे आणि खळ्यात बसून आईशी, चुलत्यांशी हवं तसं बोलून यायचे. मुग्धाला मात्र दुसरं घर नव्हतं. शाळेतून आली की ती ओट्यावर जरा थांबायची, ओठ हलवायची आणि मग आत जायची. एकदा मी विचारलं, "काय गं पुटपुटतेस?" तर म्हणाली, "मावशी, आईला काय सांगायचंय ते आधी मनात बोलून बघते." तेव्हा मला गंमत वाटली होती.

बाईंच्या निवृत्तीचा समारंभ आठवतो. संस्थेच्या मंडळींपैकी एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. भला माणूस, बाईंविषयी मनापासून आदर असलेला. त्यांना बाईंच्या विद्वत्तेबद्दल काही भारदस्त बोलायचं होतं. म्हणाले, "करंदीकर बाईंचा पढिकपणा हे आपल्या शाळेचं भूषण आहे!" टाळ्या पडल्या. बाई व्यासपीठावर शाल पांघरून बसलेल्या. आभार मानायला उठल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या ते असं : "एक दुरुस्ती करायला हवी. 'पढिक' हा शब्द गौरवाचा नाही. ज्याचं ज्ञान नुसतं पाठांतराचं असतं, जो जागा-वेळ न बघता ते दुसऱ्यासमोर मांडत बसतो, क्षुल्लक गोष्टींचा कीस काढतो आणि समोरच्याला अवघडून टाकतो, त्याला पढिक म्हणतात. विद्वानाला व्यासंगी म्हणावं. काटेकोर म्हणावं, तेही चालेल." बोलता बोलता त्यांचा आवाज मंद होत गेला. मग मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं आणि हसू पुढपर्यंत पसरत आलं. ते गृहस्थ बिचारे लाल झाले. बाईंनी शालीचं टोक सारखं केलं, दोन वाक्यांत आभार मानले आणि खाली बसल्या.

घरी येताना त्या चढ संपल्यावर म्हणाल्या, "कमल, त्यांनी शब्द चुकीचा वापरला."

"त्यांना अर्थ ठाऊक नव्हता हो बाई. चांगल्या मनानं बोलले."

"मी ते विचारत नाही. चुकीचा होता का, ते विचारते."

नारळ, पुष्पगुच्छ, शाल, सगळं मी हातात धरलं होतं. "पाय जपून टाका, इथं खडी आहे," असं काहीतरी म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मुग्धा शिकली, खारघरला नोकरीला लागली, लग्नही तिकडेच झालं. तिच्या बोलण्यात आता मुंबईची हिंदी, इंग्रजी सगळं मिसळलेलं होतं. फोनवर बाई एकेक शब्द वेचून बाजूला काढायच्या. ती कंटाळून म्हणायची, "आई, तू माझं ऐकत नाहीस, नुसतं तपासतेस." तरीही फोन यायचे. मग एका सकाळी तो फोन आला. बाईंच्या खोलीत मी भाजी निवडत बसले होते. त्यांनी नुकताच आवाज मोठा करायची युक्ती शिकून घेतली होती, त्यामुळे मुग्धाचं बोलणं मलाही ऐकू आलं. तिचं बाळ पोटातच गेलं होतं. आम्हाला तोवर दिवस राहिल्याचंही ठाऊक नव्हतं. तीन महिने झाल्यावर सांगणार होती. रडत रडत, तुटक बोलत होती. "आई... मी आत्ताच हॉस्पिटलमधून घरी आली..."

"आले," बाई म्हणाल्या.

मग फोन बंद झाल्याचा आवाज.

बाईंनी ते मुद्दाम केलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तो शब्द त्यांच्या तोंडून शिंक यावी तसा निघून गेला होता. मुग्धा काय सांगत होती ते त्यांना नंतर कळलं. कळत गेलं, तसा त्यांचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. त्यांनी पुन्हा पुन्हा फोन लावला. मी लावला. जावयानं एकदा उचलला आणि "आई, ती नंतर बोलेल," म्हणाला. ती बोलली नाही. बाई खारघरला जाऊन आल्या. मुग्धानं दार उघडलं, जेवू घातलं, औषधांची चौकशी केली आणि एकही पूर्ण वाक्य बोलली नाही. हो, नाही, बरं, ठीक. मग सणासुदीला निरोप यायचे, तेही फुलापानांच्या चित्रांचे, ज्यांत तिचा स्वतःचा शब्द नसायचा. अशी काही वर्षं गेली.

बाई संध्याकाळी ओट्यावर फोन घेऊन बसायच्या. मुग्धाला काही लिहायच्या, पुसायच्या, पुन्हा लिहायच्या. "पाठवा की," मी म्हणायचे. "वाक्य जुळत नाही गं," म्हणायच्या. आयुष्यभर इतरांची वाक्यं जुळवून देणाऱ्या बाई... एकदा अशाच बसल्या असताना म्हणाल्या, "त्या दिवशी सभेत मी 'पढिक'चा अर्थ अर्धाच सांगितला, कमल. पढिक माणसाला चूक आधी ऐकू येते. बाकीचं मागून." मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी काढून घेतला नाही, एवढं आठवतं.

गेल्या थंडीत त्यांना झटका आला. उजवा हात आणि वाचा गेली. अलिबागच्या एका रुग्णालयात नेलं. मुग्धा त्याच दिवशी धावत आली, रजा टाकून आईच्या उशाशी बसली. डॉक्टर म्हणाले, समजतंय सगळं, पण शब्द सापडत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाईंनी डोळ्यांकडे बोट दाखवून चष्मा मागितला आणि तोंडून आलं, "चमचा." त्यांनी ते ऐकलं. डोळे विस्फारले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा "चमचा." मुग्धानं चष्मा लावून दिला, "कळलं गं आई, कळलं," म्हणाली. पण बाईंनी ओठ घट्ट मिटले. त्यानंतर त्यांनी बोलायचा प्रयत्नच सोडला. बोलायला शिकवण्यासाठी येणाऱ्या तज्ज्ञ चित्रं दाखवायच्या, केळं, घर, गाय... बाई तोंड फिरवून भिंतीकडे बघायच्या. चुकीचं बोलण्यापेक्षा न बोलणं त्यांनी पत्करलं होतं.

आईच्या फोनमध्ये मुग्धाला एक क्रमांक सापडला. नाव नुसतं 'दादा'. कधी लावलेला दिसत नव्हता. तिनं तो लावला आणि दुपारच्या आत एक वयस्क गृहस्थ विचारत विचारत खोलीत आले. पांढरा सदरा, उन्हानं रापलेला चेहरा, चपला बाहेर काढून ठेवलेल्या. हे बाईंचे थोरले भाऊ, हरीदादा. थळला स्वतःची होडी असलेले. मुग्धानं मामाला कधी पाहिलेलंच नव्हतं. ते खाटेजवळ गेले आणि वाकून म्हणाले, "बाय... मी आयलो गं. वलखलंस का मना?"

बाईंनी मान वळवली. कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग ओठ हलले. "दादा," त्या म्हणाल्या. "कवा आयलास?"

मी आणि मुग्धा जागच्या जागी थिजलो. इतक्या दिवसांत ते त्यांचं पहिलं वाक्य. अडखळत होतं, पण पुरं होतं. मामा डोळे पुसत बोलत होते आणि बाई उत्तरं देत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी मुग्धाकडे पाहिलं. म्हणाल्या, "पानी दे मना." मुग्धाच्या हातात पेला होताच. तो पुढे करायचं तिला सुचेना.

डॉक्टर म्हणाले, कधीकधी असं होतं, पहिली भाषा खोल गेलेली असते. नंतर उपाहारगृहात चहा घेताना मामांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं देते. "शिक्षकांच्या कॉलेजात गेली ना, तवा तिथल्या मास्तरणीनं हिला फल्याम्होरं उभी केली. 'पाणी' बोल म्हनून. हिला ये नाय. सगली हसली. घरी आयली ती दोन दिस बोललीच नाय. मंग आयला बोलली, माझ्यासंगती असं बोलू नको, मना ती सवय लागंल."

"मग आजी?" मुग्धानं विचारलं.

"आय गप रायली. ही सुट्टीला आयली का आय गप. हिला वाटं, आय रागावली. आयला वाटं, आपन बोललो तं पोरीला लाज वाटंल. लगीन झालं, तवा आमच्याकडनं कोनाचं ना नव्हतं, पोरी. ना कोन बोलनार? बोलनंच संपलेलं. आय गेली तवापन दोघींचं काय बोलून झालं नाय."

मुग्धाचा चहा तसाच राहिला. त्यावर साय धरली. मी इतकी वर्षं शेजारी राहिले, दिवसातून दहा वेळा त्या खोलीत गेले... आणि वर्गातल्या त्या पोराला उभं करताना बाईंचा चेहरा तसा का व्हायचा, ते मला त्या बाकावर कळलं. पण म्हणून सगळं निस्तरलं असं काही नाही. त्या पोरांनाही कोणीतरी हसलं असेलच.

मुग्धानं आईला तळ्याला आणलं, कामाची घरूनच सोय लावून घेतली. शेवटचे महिने असे गेले. शाळेतली, पुस्तकांतली मराठी परत आली नाही ती नाहीच. होतं ते थळचं, थोडंथोडकं. मला त्या 'बाय' म्हणायच्या, मुग्धालाही 'बाय'. हे सुखाचं होतं असं मी लिहिणार नाही. बोलता बोलता त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू यायचं आणि डावा हात तोंडावर जायचा. दाराकडे बघायच्या, कोणी ऐकलं तर नाही ना. कोणी विद्यार्थी भेटायला आला, की डोळे मिटून पडून राहायच्या.

एका दुपारी मुग्धा दुकानातून परत आली. मी बाईंना पेज भरवत होते. ती दारातच थांबली आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाली, "आई, मी आली."

माझा चमचा हातातच राहिला. मुग्धा आईकडे टक लावून बघत होती. बाईंनी वर पाहिलं. चेहऱ्यावर नुसता आनंद. "आयलीस? ये, बस. जेवलीस का?"

"हो. मी जेवली," मुग्धा म्हणाली, आणि पुन्हा थांबली.

बाईंनी समाधानानं मान हलवली आणि पेजेसाठी तोंड उघडलं. मुग्धा पिशवी ठेवून ओट्यावर गेली. मी मागून गेले, तर खांबाला डोकं टेकून उभी होती. म्हणाली, "एकदा तरी टोकायला हवं होतं तिनं, मावशी."

उन्हाळ्याच्या शेवटी बाई गेल्या, ते सुरुवातीला सांगितलंच. अस्थी कुठे न्यायच्या हा प्रश्नच आला नाही. मुग्धानंच मामांना फोन केला. होड्या पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर ओढायचे दिवस जवळ आले होते, पण मामांनी आपली पाण्यात ठेवली होती. आम्ही थळला गेलो. कारखान्याची धुराडी मागे टाकून होडी बाहेर निघाली. मामा सुकाणूवर, मुग्धा पुढे कलश मांडीवर घेऊन, मी मधल्या फळीवर. किनाऱ्यावरची माणसं दिसेनाशी झाली, तसं मामांनी इंजिन बंद केलं. होडी नुसती डुलत राहिली. मुग्धानं कलश रिकामा केला, फुलं सोडली आणि हात पाण्यात तसाच ठेवून बसली. फुलं थोडी लांब गेली, पुन्हा जवळ आली.

"बोल तिच्यासंगती," मामा म्हणाले.

मुग्धानं मागे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. वाक्य जुळवत होती, मला दिसत होतं. मग तिनं नकारार्थी मान हलवली.

"अगं बोल, पोरी," मामा म्हणाले. "कसंबी बोल."

ती पुन्हा पाण्याकडे वळली आणि बोलू लागली. आमच्याकडे तिची पाठ होती आणि वारा उलटा होता, त्यामुळे शब्द काही कळले नाहीत. आवाज तेवढा येत होता... मराठी होती, हिंदी होती, मध्येच रडणं, मध्येच, मला वाटतं, एकदा हसणंही. थांबत नव्हती. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि दुसरीकडे बघत होते. फुलं केव्हाच दिसेनाशी झाली. ऊन चढलं. मामांनी इंजिनाला हात लावला नाही.